‘पांडुरंगा!’ कोण ओरडलं?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी माढा तालुक्यातला निवृत्त शिक्षक. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. पाणी शिंपडल्यावर पेटणाऱ्या नारळात करणी नसते, शेंडीत दडवलेला सोडियमचा तुकडा असतो, हे वर्गात आणि गावच्या पारावरही करून दाखवत आलो. घरातला देव्हारा पत्नीचा. तिच्या श्रद्धेला मी कधी आडवा गेलो नाही. ती दर आषाढीला पंढरपूरला जाते, मी पिशवी घेऊन एसटी स्टँडपर्यंत सोडायला जातो. पुढे जात नाही.

दोन महिन्यांपूर्वी कोल्हापूरचं लग्न उरकून आम्ही मुलीकडे पुण्याला निघालो होतो. जावई गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे पत्नी, मुलगी आणि सात वर्षांची नात. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर उतारावरच्या वळणाला पुढचा ट्रक एकाएकी आडवा झाला. आमची गाडी घसरली, कठड्याला घासत गेली आणि थांबली. त्या दोन-तीन सेकंदांत मी मोठ्यांदा ‘पांडुरंगा!’ असं ओरडलो म्हणे. मला आठवत नाही. मागच्या तिघींनी ऐकलं. मागून येणारा एक देवमाणूस ट्रकवाला थांबला, त्यानं नातीला अलगद बाहेर काढलं. तिचा डावा हात मोडला. बाकीच्यांना मुका मार.

तेव्हापासून घरात हाच विषय. मेहुणे म्हणतात, “दाजी, एकतीस वर्षांचा सोडियम एका सेकंदात विरघळला.” पत्नी टोमणे मारत नाही. ती एवढंच म्हणाली, “यंदा स्टँडवरून माघारी फिरू नका, सोबत चला.” तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला बघवत नाही आणि मोडवतही नाही.

आणखी एक, जे कुणालाच सांगितलेलं नाही. दवाखान्यात नातीला डोक्याच्या स्कॅनसाठी आत नेलं. मी बाहेर लोखंडी बाकावर बसलो होतो. तेव्हा मनात म्हणालो, ‘पोरगी धड निघाली तर चंद्रभागेत उतरीन, नामदेव पायरीवर माथा टेकवीन.’ स्कॅन चांगला आला.

संकटात तोंडून निघतं तेच माणसाचं खरं असतं का? मग मी इतकी वर्षं पोरांशी खोटं बोललो का?

– एक निवृत्त शिक्षक

उत्तर

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकमेकांत गुंतवलेत. गाडीतला ‘पांडुरंगा’ हा एक, बाकावरचं वाक्य हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकते, कारण त्याच कामात माझं आयुष्य गेलं. दुसऱ्यावर फक्त माझं मत सांगेन.

सोलापुरात मी चौतीस वर्षं वाचा-उपचाराचं काम केलं. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की पुष्कळांची उजवी बाजू लुळी पडते आणि तिच्यासोबत बोलणंही जातं. त्याला वाचाघात म्हणतात. कामाला लागले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक किराणा दुकानदार यायचे, साठीचे. मी टेबलावर चमचा, किल्ली आणि कंगवा मांडायचे. चमचा उचलून विचारायचे, “काका, हे काय?” ते चमच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. ओठ जुळवायचे. कपाळावर घाम यायचा. चमचा कशाला वापरतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, डाव्या हाताने ढवळून दाखवायचे. शब्द मात्र यायचा नाही. एकदा मुलगा थर्मासमधला चहा ओतत होता, तो त्यांच्या मनगटावर सांडला. “अगं आई गं! मेलो!” शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतकं खणखणीत. मुलगा चहाबिहा विसरला, “बाबा बोलले, बाबा बोलले” म्हणत व्हरांड्यात धावला. मी तिथल्या तिथे चमचा उचलला. “काका, हे काय?” पुन्हा तेच. ओठ, घाम, शांतता.

याच काकांना ‘बे चोक किती’ विचारलं तर डोळ्यांत पाणी यायचं. पण मी ‘बे एके बे’ अशी सुरुवात करून दिली की गाडी न अडखळता वीसपर्यंत जायची. गणपतीची आरती अख्खी म्हणायचे. आरती संपली की स्वतःचं नाव सांगता यायचं नाही.

हे काही माझ्याच टेबलावर घडलं असं नाही. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यवैद्याने लेबोर्न्य नावाचा रोगी तपासला. वाचा जाऊन एकवीस वर्षं झाली होती. काहीही विचारा, उत्तर एकच, ‘तां तां’. पण आपलं म्हणणं समोरच्याला कळेना म्हणून संताप आला की त्याच्या तोंडून देवाच्या नावाची फ्रेंच शिवी पूर्ण, धडधडीत निघायची. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू पाहिला आणि डाव्या बाजूचा पुढचा भाग झिजलेला दाखवला. पुढे लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या वैद्याने अशाच रोग्यांवरून बोलण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या सांगितल्या. एक, जिथे आपण काहीतरी म्हणत असतो, विधान करत असतो. दुसरी आपोआप सुटते: शिव्या, उद्गार, पाठ केलेल्या ओळी. डावी बाजू जखमी झाली तरी ही दुसरी वाट पुष्कळदा शाबूत राहते, कारण ती मेंदूच्या उजव्या आणि खोलवरच्या भागांतूनही जाते. आम्ही उपचारात हीच वाट धरून रोग्याला पहिल्या तऱ्हेच्या बोलण्याकडे परत आणायचा प्रयत्न करतो. ती वाट किती खरी आहे आणि तिच्यावर विधान किती कमी असतं, हे मी रोज पाहिलं.

सर, तुमचा ‘पांडुरंगा’ या दुसऱ्या वाटेने आला. तुम्हाला तो आठवतसुद्धा नाही, याचं मला नवल वाटलं नाही.

आता आणखी दोघांबद्दल सांगते. एक गिरणी कामगार, लाल बावट्याचे. घरात देवाचा फोटो नाही, मुलांची लग्नं नोंदणीने लावलेली. वाचाघातानंतर त्यांच्यापाशी एकच शब्द उरला, ‘रामा’. पाणी हवं तरी रामा, ऊन लागतंय तरी रामा, नातवाला बघून हसायचे तेव्हाही रामा. त्यांची बायको घाबरून मला म्हणाली, “बाई, चाळीस वर्षांत मी यांच्या तोंडून हे ऐकलं नाही हो.” ऐकलं होतं त्यांच्या धाकट्या बहिणीने. आई जात्यावरून उठताना, घागर उतरवताना, धाप लागली की ‘रामा’ म्हणायची. दुसरे एक पद्मशाली विणकर. घरात तेलुगू, बाहेर सगळा व्यवहार मराठीत, माझ्याशीही मराठीच. खांद्याचा सांधा हलवला की ‘अम्मा!’ म्हणायचे. ‘आई गं’ कधी नाही.

तेव्हा मी तुम्हाला उलट विचारते. तुमच्या घरी ‘पांडुरंगा’ कोण म्हणायचं? गुडघ्यावर हात ठेवून उठताना, चूल फुंकून डोळ्यांत धूर गेल्यावर, कुणाच्या मरणाची बातमी कानावर आल्यावर? कोणीतरी म्हणत असणार. तुम्ही बोलायला शिकत होतात तेव्हा भीतीचा शब्द म्हणून तोच कानावर पडला. व्याकरणाच्या अंगानेही बघा. आपण दचकलो की ‘देव’ म्हणत नाही, ‘देवा’ म्हणतो. रामा, विठ्ठला, पांडुरंगा. सगळी संबोधनाची रूपं, शेवटी ‘आ’. घाबरल्यावर तोंड तसंही उघडतंच. ‘आई गं’ म्हणणाऱ्या सत्तरीच्या माणसाला आपण असं विचारत नाही की, तीस वर्षांमागे गेलेली तुझी आई येईल यावर तुझा विश्वास आहे का. तो आईलाच हाक मारतो, आई येणार नाही हे त्याला माहीत असतं, आणि हाक तरीही खोटी नसते.

तुमच्याच पत्रातला एक शब्द दाखवते. नातीला बाहेर काढणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही ‘देवमाणूस’ लिहिलंय. हा शब्द तुम्ही ओरडला नाहीत. टेबलापाशी बसून, पेन हातात धरून लिहिलात, आणि लिहिताना तुम्हाला तो खटकलाही नाही. खटकायचं कारणही नव्हतं. त्या माणसाबद्दल मनात जे दाटून आलं त्याला मराठीत याहून चांगला शब्द नाही. मेहुण्यांनी हा पुरावा धरला तर तुम्ही हसाल. मग गाडीतला शब्द पुरावा कसा झाला?

मी स्वतः देव मानणारी आहे, हे इथे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तुमच्या बाजूची म्हणून तुम्हाला सोडवतेय. रोज सकाळी माझी पूजा असते, आणि ती मनापासून असते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. दहा दिवस दोन्ही वेळा आरती करून आम्ही रात्री उशिरा गणपती बोळवून आलो होतो. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरात आमच्या घरची मांडणीवरची भांडी खाली आली, दिव्याची वायर झुलत होती. मी धाकट्याला काखेत मारलं आणि ओरडत सुटले, “गॅस! गॅस! गॅस बंद करा!” यजमान सांगतात, गल्लीत येऊन उभी राहिले तरी माझं ‘गॅस’ चालूच होतं. ‘मोरया’ नाही, ‘देवा’ नाही. रेडिओवर किल्लारी-सास्तूरच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा मी देवापुढे बसले आणि रडले. जवळपास दहा हजार माणसं गेली त्या पहाटे.

त्या वेळी मला कुणीही म्हणालं नाही की, तुझी भक्ती वरवरची, जिवावर बेतलं तेव्हा खरी तू दिसलीस. आस्तिकाच्या तोंडून ‘गॅस’ निघालं तर ती घाबरली होती म्हणतात. नास्तिकाच्या तोंडून ‘पांडुरंगा’ निघालं तर म्हणतात, पकडला. हे मला मुळीच न्यायाचं वाटत नाही, आणि श्रद्धाळू म्हणूनच वाटत नाही. माझ्या श्रद्धेची किंमत घाबरलेल्या माणसाच्या एका किंकाळीवर ठरावी, एवढी ती स्वस्त आहे का?

आपल्या परंपरेनेही असा निवाडा केलेला नाही. भागवतातला अजामिळ बघा. मरणाच्या घटकेला त्याने ‘नारायण’ अशी हाक मारली ती धाकट्या पोराला, त्याचं नाव नारायण होतं म्हणून. विष्णुदूत धावून आले. कथा नामाचा महिमा सांगते. अजामिळ मनातून भक्तच होता असं ती म्हणत नाही. किंबहुना तो नव्हता, हाच तिचा जीव आहे. वहिनींची नामावर श्रद्धा असेल तर त्यांनी खुशाल म्हणावं की नावानं तारलं. ते त्यांचं मानणं झालं. त्यातून तुमचं मानणं सिद्ध होत नाही.

माणूस काय मानतो हे पाहायचं तर त्याला वेळ मिळाला तेव्हा त्याने काय केलं ते बघावं. आपल्या घटनेत पदाची शपथ घेताना ‘ईश्वरसाक्ष’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक’ असे दोन पर्याय ठेवलेत. तिथे माणूस सावध असतो, निवडतो, आणि ती निवड त्याची म्हणून आपण धरतो. भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात ‘मी नास्तिक का आहे’ हा लेख लिहिला, तो तुम्ही वाचलाच असेल. एका स्नेह्याने त्यांना प्रार्थना करायला सुचवलं. हे नास्तिक आहेत कळल्यावर तो म्हणाला, शेवटच्या दिवसांत मानायला लागशील. त्यांनी साफ नाही म्हटलं, स्वार्थापोटी प्रार्थना करणं त्यांना हीनपणाचं वाटलं. आधीच्या अटकेतही पोलीस अधिकारी रोज दोन वेळा प्रार्थना कर म्हणून मागे लागले होते. तेव्हा त्यांनी स्वतःला तपासलं होतं, की हे नास्तिक असणं फक्त सुखाच्या दिवसांपुरतं आहे का. फाशी समोर होती, आणि विचार करायला महिने होते. तुम्हाला गाडीत तीन सेकंद मिळाले. जावई काय ओरडले ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, काहीच नाही. त्यांच्या हातात स्टिअरिंग होतं.

आता बाकावरचं वाक्य. इथे मी तुम्हाला वाचाघाताच्या आड लपू देणार नाही, सर. ‘पोरगी धड निघाली तर’ हा उद्गार नव्हे. त्यात अट आहे, मागणं आहे, कबुली आहे, नदीचं आणि पायरीचं नाव आहे. ते विधान आहे आणि ते तुमचं आहे. त्या दहा मिनिटांत तुम्ही कुणाकडे तरी मागितलंत. ते खोडू नका. पण त्या दहा मिनिटांनी मागची एकतीस वर्षंही खोडू नका.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी अशी बोली शेकड्याने ऐकलीय. कुणी देवीला खण कबूल करतं, कुणी पिराला चादर. कुणी कोणालाच नाही, नुसतं म्हणतं, तंबाखू सोडीन. एका बापाला भिंतीशी बोलताना मी ऐकलं, ‘मी पुन्हा तिला मारणार नाही.’ आत गेलेल्या माणसासाठी बाहेरच्याला करण्यासारखं काही उरत नाही. हात रिकामे असतात, म्हणून जीव जे असेल ते पुढे करतो. तुम्ही पुढे काय केलंत? जी गोष्ट आयुष्यभर केली नव्हती ती. याहून मोठं तुमच्यापाशी त्या क्षणी द्यायला काय होतं? मला त्या वाक्यात देवाहून नात जास्त दिसते. तुम्हाला त्यात देव दिसत असेल तर तसं स्वतःशी मान्य करायलाही लाजू नका. साठीनंतर माणसाचं मत हललं म्हणून तो आधी खोटा होता असं होत नाही.

आणि पोरांशी खोटं बोललो का, या प्रश्नाने तुम्ही उगाच झोप घालवताय. नारळ सोडियमनेच पेटतो. तुम्ही ‘पांडुरंगा’ म्हणालात म्हणून त्यात करणी शिरली नाही. त्या पोरांपैकी कुणाची आई भगताकडे पैसे उधळायची थांबली असेल, तर ती थांबलीच.

जायचं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रभर तेच आहे. माझं मत असं. न गेल्यास पोरीला काही होईल अशी धास्ती मनाच्या कोपऱ्यात असेल, तर जाऊ नका. जन्मभर तुम्ही लोकांना ज्या भीतीतून बाहेर काढलंत ती हीच. तशी धास्ती नसेल, आणि दिलेला शब्द म्हणून किंवा वहिनींच्या सोबतीने म्हणून जावंसं वाटत असेल, तर जा. चंद्रभागेत उतरायला दाखला लागत नाही.

मात्र काही ठरवायच्या आधी वहिनींशी बोला. त्या आज ‘पांडुरंगा’ या शब्दावर खूश आहेत. तुम्हाला तो आठवतही नाही. जे आठवतं, जे तुम्ही खरोखर म्हणालात, ते त्यांना माहीतच नाही. तुम्ही गप्प राहिलात की त्यांचा आनंद चुकीच्या जागी रचला जातो, आणि तुम्ही त्यांच्यापासून रोज थोडे लांब जाता. मेहुण्यांना काही सांगायची गरज नाही. वहिनींना सांगा. हे उत्तर वाचायला देऊन मोकळे होऊ नका. लोखंडी बाकावर बसून काय म्हणालात ते तुमच्या तोंडाने सांगा, आणि आज तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं तेही, ठरलेलं नसलं तरी. तीस-पस्तीस वर्षं स्टँडपर्यंत पिशवी पोचवणाऱ्या माणसाचं त्या ऐकून घेतील, याची मला खात्री आहे.

नातीच्या हाताचं प्लास्टर निघालं का, तेवढं कळवा.